“पॉलिसी १८ टक्क्यांनी स्वस्त” म्हणे! जरा आकडेमोड करूया का?

जमाखर्च

काल ‘दर्यावर्दी’ यांनी इथे टाकलेली पोस्ट आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. मजकूर असा: २२ सप्टेंबर २०२५ पासून आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य, म्हणजे पॉलिसी १८ टक्क्यांनी स्वस्त, शिवाय प्रीमियमवर आयकरात सूट, दुहेरी फायदा, आजच घ्या. खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण लोक हे वाचून पैसे भरतात.

आधी टक्केवारी. पूर्वी १०० च्या प्रीमियमवर १८ कर, खिशातून जायचे ११८. आता जातात १००. ११८ वर १८ वाचले म्हणजे सव्वापंधरा टक्के. तेही मूळ प्रीमियम जागचा हलला नाही तर. तो हलतो, कारण कंपनीला एजंटाचं कमिशन, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, टीपीएची (दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीची) फी या सगळ्यावर जीएसटी भरावा लागतोच. पूर्वी तुमच्याकडून घेतलेल्या १८ टक्क्यांतून ती हे वळतं करून घ्यायची. आता तुमची पॉलिसी करमुक्त, म्हणून कंपनीचं इनपुट क्रेडिट बंद. पुनर्विमाही करमुक्त केला हे खरं, पण बाकीचा कर खर्चात जातो. समजा मूळ प्रीमियम २५,००० होता, करासह २९,५००. कंपनीने दर चारच टक्क्यांनी वाढवला तरी नवा आकडा २६,०००. वाचले ३,५००, म्हणजे बारा टक्क्यांनाही कमी.

दुसरं म्हणजे सगळ्या पॉलिसी सुटलेल्या नाहीत. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची मिळून एक) सुटल्या. ग्रुप पॉलिसीवर (संस्थेच्या नावावरची एकच, आत अनेक सभासद) १८ टक्के होते तसेच आहेत. बँक खातेदारांच्या, पतसंस्था सभासदांच्या, मच्छीमार सोसायटीच्या गळ्यात जी ‘स्वस्त’ पॉलिसी घालतात, ती बहुतेक वेळा ग्रुप असते. हातात ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ आणि वर मास्टर पॉलिसीचा नंबर आला की समजा, कर लागलाय.

आणि ती ‘आयकरात सूट’ म्हणजे कलम ८०डीची वजावट. नव्या करप्रणालीत ८०डी नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी तर ती निवडावी लागते. त्यामुळे दुहेरी फायदा बहुतेकांना नाहीच.

दर्यावर्दी

आली सीए मंडळी. कोणाच्या घरात चार पैसे वाचले की यांच्या पोटात दुखतं. सर्व्हिस टॅक्स १५ टक्के होता, जुलै २०१७ मध्ये तो १८ झाला, तेव्हा “तीनच टक्के वाढले” म्हणणारे तुमच्यासारखेच होते. जुलै २०२४ मध्ये खुद्द गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, हा कर काढा म्हणून. मग मंत्रिगट, मग बैठका, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत एकदाचा गेला. १८ काय अन् सव्वापंधरा काय, भरणाऱ्याचे पैसे वाचले ना?

एजंटांचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. क्रेडिट गेल्याचा फटका कंपन्यांनी आधी आमच्यावर ढकलला. कमिशनवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनी वेगळा भरायची. आता बऱ्याच कंपन्या म्हणतात, कमिशन जीएसटी धरूनच. १०० चे राहिले ८४.७५. तेव्हा “कंपनीने सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला” ही अफवा पसरवू नका, गिऱ्हाइकाच्या स्वस्ताईचा एक भाग आमच्या खिशातून गेलाय.

जमाखर्च

म्हणजे बोजा दोघांवर टाकला. माझ्या मुद्द्याला बळच दिलंत, आभारी आहे.

दर वाढला का हे ज्याचं त्याने पाहावं. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं पॉलिसी शेड्यूल शेजारी ठेवा. ‘एकूण’ची ओळ सोडा, ‘बेसिक प्रीमियम’ची बघा. वयाचा गट बदलला असेल (४५ चे ४६ झाले वगैरे) तर ती वाढ वेगळी. नो क्लेम बोनसने विमा रक्कम वाढली असेल तर तेही धरा. एवढं वजा करून बेसिक वाढलेला दिसला तर कंपनीला लेखी विचारा. साठीच्या पुढच्यांसाठी जानेवारी २०२५ पासून विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे: वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची. पन्नाशीतल्यांना हे कवच नाही.

ज्यांनी २२ सप्टेंबरच्या आधी पैसेही भरले आणि ज्यांचं बिलही आधी निघालं, त्यांनी परतावा मागत बसू नये. तीन वर्षांचा एकदम भरला असेल तरी तो १८ टक्के गेलाच.

हापूसवाला

दोघेही पगारदारांपुरतंच बोलताय. देवगड-राजापूर पट्ट्यात जाऊन विचारा ८०डी कोणी ऐकलंय का. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, कलम १०(१) खाली आयकरमुक्त. ज्याला आयकरच नाही त्याला वजावटीचं काय कौतुक? इतकी वर्षं सरकार एका हाताने १८ टक्के घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने ८०डीतून थोडं परत द्यायचं, पण ते दुसरं फक्त आयकर भरणाऱ्याला. बागायतदार पूर्ण १८ भरायचा आणि परत शून्य. आता पहिल्यांदाच सरकारने अशी सवलत दिली जी रिटर्न न भरणाऱ्यालाही मिळते. तुमच्या बारा टक्क्यांतही आम्ही खूश.

जमाखर्च

हा मुद्दा मान्य, आणि पोस्टीत खरं तर हाच असायला हवा होता. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या गटातल्या माणसाचं घ्या: २०,००० अधिक ३,६०० कर, २३,६०० वर ८०डी. उपकरासह २०.८ टक्क्यांनी ४,९०९ परत, निव्वळ खर्च १८,६९१. आता २०,००० वर ४,१६० परत, निव्वळ १५,८४०. त्याचे वाचले २,८५१. बागायतदाराचे पूर्ण ३,६००.

पण ‘शेतीचं म्हणजे सगळं माफ’ असं समजून चालू नका. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या वर गेलं, की दर ठरवायला शेतीचं उत्पन्न मिळवलं जातं. होम-स्टे चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. कॅनिंगला लावलेल्या मालावरचा प्रक्रियेचा नफा धंद्याचा. आणि मासेमारी ही आयकराच्या लेखी शेती नाही. ट्रॉलरवाल्यांना दर वर्षी हे नव्याने सांगावं लागतं.

चाकरमानी डोंबिवली

८०डी मेलं मेलं म्हणताय, पण गावाला आईवडील असलेल्यांसाठी त्यात मोठी गोष्ट आहे. साठीच्या वरच्या आईवडिलांचा विमाच नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा, दवाखान्याचा खर्च ५०,००० पर्यंत वजा होतो. ते आपल्यावर अवलंबून असले पाहिजेत अशी अटही नाही. स्वतःच्या कुटुंबाचे २५,००० वेगळे. एकूण ७५,०००.

जमाखर्च

नियम बरोबर, उपयोग बघा. पगार १५ लाख, घरकर्ज नाही, घरभाड्याची सूट नाही. जुन्या प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, ८०सीचे दीड लाख पूर्ण, ८०डीचे ७५,००० पूर्ण. करपात्र १२.२५ लाख, कर उपकरासह १,८७,२००. नव्या प्रणालीत फक्त ७५,००० स्टँडर्ड, करपात्र १४.२५ लाख, २०२५-२६ च्या टप्प्यांनी कर उपकरासह ९७,५००. ८०डी पूर्ण घेऊनही ८९,७०० जास्त भरताय. जुनी परवडायला स्टँडर्ड सोडून ५,४३,७५० च्या वजावटी दाखवाव्या लागतात. आणि पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर नव्यात कर शून्यच.

एवढं करून जुनी निवडलीच, तर आईच्या औषधांचे पैसे रोख देऊ नका. रोखीतलं फक्त प्रतिबंधात्मक तपासणीचं ५,००० पर्यंत चालतं, तेही वरच्याच मर्यादेच्या आत. गावच्या मेडिकलवाल्याला मुलाने मुंबईहून यूपीआय करावं, बिलावर रुग्णाचं नाव घ्यावं. तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर वजावट दर वर्षी एक तृतीयांश, एका वर्षात नाही.

पांढरं रेशनकार्ड

सगळा धागा खासगी पॉलिसीवर. जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या कार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. सत्तरीच्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड. रायगड तर २०१२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होता. मग प्रीमियमवर करमाफी देऊन विमा कंपन्यांचा धंदा वाढवायचा कशाला? २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर ८,२६३ कोटी जीएसटी आला होता. त्या पैशात उपजिल्हा रुग्णालयांना भूलतज्ज्ञ देता आले असते.

दर्यावर्दी

योजनेत ओपीडी नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या नाहीत. यादीतला उपचार आणि यादीतलं हॉस्पिटल दोन्ही जुळलं तरच. आणि ८,२६३ कोटी सगळ्या आरोग्य विम्याचे होते, त्यातले ग्रुपवाले अजून भरतायत. आकडा अर्धवट वापरू नका, इथे आधीच एक मास्तर आहेत.

जमाखर्च

मास्तर आकडा पूर्ण करतात. जीएसटीचे १०० रुपये गेले की त्यातले ५० राज्याचे थेट. केंद्राच्या ५० मधले ४१ टक्के पुन्हा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना, म्हणजे २०.५०. सगळ्या राज्यांचे मिळून ७०.५० गेले. उलट तुमच्या आयकरावर जो ४ टक्के ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ लागतो, तो २०१८ पासून ३ चा ४ झाला आणि उपकर असल्याने राज्यांत वाटला जात नाही. म्हणजे आरोग्यासाठी म्हणून घेतलेला कर केंद्राने स्वतःकडे ठेवला, आणि माफ केला तो राज्यांच्या वाट्याचा. दवाखाने मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत. ‘रेशनकार्ड’ यांचा राग योग्य आहे, रोख चुकलाय.

पांढरं रेशनकार्ड

रोख चुकलेला नाही. रोख तुम्हीच दाखवून दिलात, तोच माझा होता.

दोडामार्गी

राज्याच्या वाट्याचा विषय निघालाच आसा तर बांबोळीच्या गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेज) बोला. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला, अर्धो तालुको म्हापश्याच्या बाजारात खरेदी करता. पेट्रोल गोव्यात, कपडे गोव्यात, फ्रिज गोव्यात. कर गोव्याक. आणि २०१८ पासून बांबोळीत परराज्यातलो म्हणून आमच्याकडसून पैशे. तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाला, फुडे काय झाला? आमचो कर चलता, आमचो पेशंट चलना नाय.

पेडण्यातून

परत तेच. गोमेकॉ गोव्याच्या अर्थसंकल्पावर चालतं. गोव्याच्या माणसाला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोवा सरकार देतं, त्याचे पैसे गोवा भरतो. अपघाताचा पेशंट रात्री दोनला येतो तेव्हा दारात कोणी आधार कार्ड बघून परत पाठवत नाही. महाराष्ट्र एवढं मोठं राज्य, सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ पासून मेडिकल कॉलेज आहे, रत्नागिरीत २०२३ पासून. ते चालवा ना. आणि पेट्रोल स्वस्त म्हणून तुम्ही येता, आमच्यावर उपकार करायला नाही.

दोडामार्गी

ओरोसाक कॉलेज आसा म्हणजे डोक्याचा ऑपरेशन होता असा वाटता तुमका? एकदा येवन बघा.

पांढरं रेशनकार्ड

यात दोघांचाही घोळ आहे. एमबीबीएस कॉलेजच्या मान्यतेला मेडिसिन, सर्जरी, हाडं, बालरोग, स्त्रीरोग हे विभाग लागतात. न्यूरोसर्जरी, हृदयशस्त्रक्रिया ही सुपर स्पेशालिटी, तिची पदं वेगळी मंजूर करून भरावी लागतात. नुसतं कॉलेज झालं म्हणून डोक्याला मार लागलेल्याची बांबोळी किंवा आंबोली घाट उतरून कोल्हापूर टळत नाही.

खारेपाटणकर

आंबोली चढून, उतरून नव्हे. बाकी बरोबर.

पेडण्यातून

म्हणजे मान्य करा की फी गोव्याने लावली यात वावगं नाही. तुमच्या सरकारने पदं भरली नाहीत.

दोडामार्गी

मान्य करूचय नाय. म्हापश्यात भरलेलो एसजीएसटी (जीएसटीतलो राज्याचो वाटो) परत द्या, मगे फी घ्या.

जमाखर्च

थांबा, इथे मूळ गोष्टच धूसर आहे. पेट्रोल, डिझेल, दारू जीएसटीत नाहीत. त्यावर गोव्याचा व्हॅट किंवा अबकारी, तो पूर्ण गोव्याचा, तिथे दोडामार्गी यांचं म्हणणं खरं. फ्रिज-कपड्यांचं तसं नाही. आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) कायद्याच्या कलम १० मध्ये (१)(सीए) हे पोटकलम १ ऑक्टोबर २०२३ पासून आलं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला माल विकला तर बिलावर जो पत्ता तेच पुरवठ्याचं ठिकाण, आणि कर त्या राज्याचा. पत्ता नसेल तर दुकानदाराचं. आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असं धरतात. म्हणजे म्हापश्याच्या बिलावर ‘महाराष्ट्र’ लिहिलंत, की सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागतो आणि राज्याचा अर्धा हिस्सा महाराष्ट्राकडे येतो. तुमच्या खिशाला फरक शून्य.

आरोग्य विम्यात हे पहिल्यापासून असंच होतं. पॉलिसीवरचा पत्ता सावंतवाडीचा असेल तर कंपनी कुठलीही असो, कर महाराष्ट्राचा.

दर्यावर्दी

म्हापश्याच्या बाजारात कोण दुकानदार आयजीएसटीचं बिल फाडतो ते दाखवा. पुस्तकातला गोवा आणि बाजारातला गोवा यात फरक असतो.

पेडण्यातून

या एका बाबतीत दर्यावर्दींशी सहमत, नाइलाजाने. बरेच छोटे दुकानदार कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराची कर योजना) आहेत. त्यांना राज्याबाहेर पुरवठाच करता येत नाही, आणि ते बिलावर कर वेगळा दाखवत नाहीत. त्यांच्या ‘बिल ऑफ सप्लाय’वर महाराष्ट्र लिहायला सांगितलं तर ते माल परत कपाटात ठेवतील.

जमाखर्च

बरोबर. आणि नियमित दुकानदारालाही नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता बिलावर घालणं ५०,००० किंवा त्याच्या वरच्या बिलालाच सक्तीचं आहे. खालच्या बिलावर गिऱ्हाइकाने मागितलं तर तो घालतो. मागतं कोण?

हापूसवाला

आंबा बागायतदाराने विम्यावर विचारलं होतं, आपण म्हापश्याच्या फ्रिजपर्यंत आलो. तेवढ्यात माझा एक प्रश्न उरलाय: हॉस्पिटलच्या बिलातही जीएसटी असतो ना? कोल्हापूरच्या एका बिलावर पाच टक्के पाहिले.

जमाखर्च

उपचार करमुक्त आहेत. खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर गेलं तर जुलै २०२२ पासून त्या भाड्यावर ५ टक्के, आयसीयू वगळून. भरती रुग्णाच्या बिलातली औषधं उपचारातच धरतात, त्यावर वेगळा कर लावला असेल तर विचारा. ओपीडीच्या औषधांवर कर असतो, तोही सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांचा १२ चा ५ झाला, ३३ जीवरक्षक औषधांवर शून्य.

पाच टक्क्यांपेक्षा खोलीच्या मर्यादेची काळजी करा. पॉलिसीत खोली ४,००० पर्यंत आणि तुम्ही ८,००० ची घेतलीत, तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचंही निम्मंच मिळतं. लाखाच्या बिलात तिथे जे जातं, त्यापुढे जीएसटीची सवलत काहीच नाही.

दर्यावर्दी

हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगतो. पोस्टीत ‘१८’ च्या जागी ‘१५ पर्यंत’ करतो, आयकराच्या ओळीत ‘जुनी प्रणाली असल्यास’ घालतो. समाधान? ग्रुप पॉलिसीचं मात्र पोस्टीत टाकणार नाही, ते बँकवाल्यांनी सांगावं.

चाकरमानी डोंबिवली

बँकवाले सांगणार! मार्च महिन्यात.

दोडामार्गी

माका एकच सांगा. मी बिलार ‘महाराष्ट्र’ लिवन घेतलंय तरी बांबोळीत पैशे भरूचेच लागतले ना? मगे ह्या ज्ञानाचा करूचा काय?

पांढरं रेशनकार्ड

लागतील, तो कर नव्हे, फी आहे. तिथे जाण्याआधी दोन गोष्टी करा. आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते राज्याबाहेरच्या संलग्न हॉस्पिटलात चालतं, पण तोच उपचार तिथे संलग्न आहे का हे भरती होण्याआधी काउंटरवर विचारायचं. डिस्चार्जला विचारून उपयोग नाही. महाराष्ट्रातल्या योजनेसाठी १५५३८८ वर फोन, रेशनकार्ड आणि आधार हाताशी, हॉस्पिटलात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) शोधायचा. आणि दोन्ही कार्डांवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. आधारवर लग्नानंतरचं नाव आणि रेशनकार्डावर माहेरचं असेल तर मंजुरी तिथेच अडते.

दोडामार्गी

आवशीच्या कार्डार तसाच आसा. सेतूत जातंय सोमवारी.